गर्दीच्या थीम पार्कात बाबागाडीवर बंदी हवी का? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टाम्पाच्या एका वाचकाचं छोटं पत्र छापलं होतं आणि उत्तर जागेअभावी राहून गेलं होतं. त्या एका पत्रावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. आधी ते पत्र थोडक्यात परत देते.

प्रश्न : आई-बाबा नाशिकहून आले होते म्हणून त्यांना ओरलँडोच्या एका पार्कमध्ये घेऊन गेलो. संध्याकाळी परेड संपल्यावर गर्दी सुटली आणि मागून एका जोडप्याचा स्ट्रोलर, म्हणजे बाबागाडी, आईच्या टाचेवर जोरात आदळला. कातडी सोलून निघाली, रक्त आलं, बाकीचा दिवस ती बाकावर बसून होती. त्या लोकांनी सॉरी म्हटलं आणि पुढे गेले. सगळीकडे बघावं तिथे या गाड्या, रस्ता अडवलेला, दुकानात शिरता येत नाही. सिगारेटवर बंदी आणता येते मग यावर का नाही?
– एक वाचक, टाम्पा

उत्तर : आईंची टाच आता बरी असेल अशी आशा आहे. टाचेमागची जखम चालताना रोज ताणली जाते त्यामुळे भरायला वेळ लागतो, आणि इतक्या लांबून एवढा खर्च करून आलेल्या माणसाचा दिवस बाकावर जावा हे वाईटच. तुमचा राग खरा आहे, तो कमी लेखून मी उत्तर देणार नाही.

पण बंदी म्हणाल तर नको, आणि का नको ते जरा सविस्तर सांगते.

तुम्ही सिगारेटचं म्हणालात ते बरं झालं, कारण अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत या दोन्ही गोष्टींचे नियम एकाच दिवशी बदलले. १ मे २०१९. त्या दिवसापासून फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे पार्काच्या आतल्या स्मोकिंगच्या जागा काढून टाकल्या, आणि त्याच दिवसापासून स्ट्रोलरला माप लागलं. रुंदी ३१ इंच, लांबी ५२ इंच, त्याहून मोठा आत येणार नाही. आणि ओढायच्या चार चाकी गाड्या, ज्यांना वॅगन म्हणतात, त्या तर पूर्णच बंद केल्या, स्ट्रोलरसारख्या ढकलायच्या असल्या तरी. हे सगळं ‘गॅलक्सीज एज’ हा ‘स्टार वॉर्स’ सिनेमांवरचा नवा विभाग उघडायच्या तोंडावर झालं, कॅलिफोर्नियात तो ३१ मे २०१९ ला उघडला आणि फ्लोरिडात २९ ऑगस्टला, म्हणजे प्रचंड गर्दी येणार हे त्यांना माहीत होतं आणि त्याची तयारी चालू होती.

आता त्या मापाचा हिशोब करून बघा. ३१ बाय ५२ इंच म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर होतो. गर्दीचा अभ्यास करणारे लोक सांगतात की एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं उभी राहिली की प्रकरण हाताबाहेर जायला लागतं, माणसाला स्वतःच्या मर्जीने हलता येत नाही. म्हणजे परवानगी असलेला सगळ्यात मोठा स्ट्रोलर दाट गर्दीत तीन-चार माणसांची जागा खातो, आणि आत बसलेलं लेकरू असतं एक किंवा दोन. त्यामुळे गाड्यांनी जागा जाते हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ते कोणी नाकारू नये.

पण त्याच वेळी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडने अजून एक काम केलं, ‘प्रोजेक्ट स्टारडस्ट’ नावाने. रस्ते रुंद केले, झाडांचे कट्टे मागे सरकवले, राइडच्या रांगा चालायच्या वाटेतून हलवल्या आणि स्ट्रोलर लावायच्या जागा नव्याने आखल्या. १९५५ साली बांधलेला पार्क आहे तो, तेव्हा एवढी माणसं येतील असं कोणाच्या डोक्यात नसणार. म्हणजे अडचण नुसती गाड्यांची आहे असं पार्कवाल्यांनाही वाटलं नाही. माझं म्हणणं हेच आहे की दाटी होते ती आत किती माणसं सोडली आणि त्यांना चालायला किती वाट ठेवली यावर. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच मॅजिक किंगडम पार्कात पूर्वी कित्येकदा पार्क भरला म्हणून गेट बंद करायची वेळ आलेली आहे. तिकिटं विकणाऱ्याने आधी आपला आकडा बघावा, दोन वर्षांच्या मुलाची गाडी त्यानंतर.

आणि बंदी आणली तर होईल काय? लहान मूल असलेलं घर तिथे जाणारच नाही, किंवा जाईल आणि आई दिवसभर पंधरा किलोचं मूल कडेवर घेऊन फिरेल. बाबा कमी, आई जास्त, आपल्याकडचं चित्र तरी तसंच आहे. बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या कितीतरी बायका मला लिहितात. त्यांना गाडी म्हणजे चैन नाही हो. आणि गाडीतून उतरवलेली ती शे-दोनशे पोरं त्याच गर्दीत मोठ्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर पायी चालणार, हात सुटला की हरवणार, ते जास्त धोक्याचं आहे.

तुमच्या आईंना लागलं त्याचं कारण मात्र नीट समजून घ्यायला हवं कारण ते टाळता येण्यासारखं आहे. गाडी ढकलणाऱ्याचे डोळे समोरच्या माणसाच्या पाठीवर असतात आणि पुढचं चाक त्याच्या पायाच्या बरंच पुढे, हुडाच्या आड, खाली. समोरचा माणूस फोटोसाठी एकदम थांबला की पाठ थांबलेली दिसेपर्यंत चाक टाचेला लागलेलं असतं. त्यात एका हातात फोन असेल, हँडलला दोन पिशव्या लटकवलेल्या असतील तर ब्रेक लागणार कसा. म्हणून गाडीवाल्यांनी पुढच्या माणसापासून निदान एक पूर्ण पाऊल जास्त अंतर ठेवायलाच पाहिजे, दोन्ही हात हँडलवर पाहिजेत, आणि परेड सुटल्यावर लगेच त्या लोंढ्यात घुसायचंच नाही, पंधरा-वीस मिनिटं बाजूला थांबायचं. हे मी विनंती म्हणून नाही सांगत, हे पाळलंच पाहिजे. ज्याला जमत नसेल त्याने त्या वेळी गाडी लावून ठेवावी आणि मूल उचलून घ्यावं.

बंधन हवंच असेल तर ते जागेचं आणि वेळेचं असावं असं मला वाटतं. आतषबाजीच्या आधी अर्धा तास किल्ल्यासमोरच्या चौकात गाड्या नकोत, त्यांच्यासाठी एका कडेला वेगळी जागा आखून द्या जिथून झोपलेल्या बाळालाही न हलवता बघता येईल. दुकानांच्या अरुंद दारात नकोत. मॅजिक किंगडममध्ये गर्दीच्या वेळी मेन स्ट्रीटच्या दुकानांमागून बाहेर पडायची वेगळी वाट उघडतात, परेडच्या वेळी जमिनीवर टेप लावून उभं राहायची जागा आणि चालायची जागा वेगळी करतात, हे आधीपासून चालू आहे आणि त्याचा उपयोग होतो. तेच आणखी नेटाने करावं.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे, अंगाने थोराड. तिला स्ट्रोलरमध्ये बसवलेलं बघून रांगेतल्या एका बाईंनी मोठ्याने म्हटलं की एवढी मोठी घोडी गाडीत कशाला. मराठीतच म्हटलं, तिला कळलं. तेव्हापासून ती गाडीत बसायला लाजते. आम्ही मार्चमध्ये परत जाणार आहोत. गाडी न्यावी की नको? सासूबाईंचंही मत आहे की आता सवय मोडा.
– एक आई, अटलांटा

उत्तर : न्या. बिनधास्त न्या.

फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट पार्कात तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, नुसती ती एक फेरी मारायची तर जवळपास दोन किलोमीटर होतात, आणि ती त्या पार्काची निम्मीच बाजू. गेटपासून चालणं, परत येणं, बाथरूमला जाणं, विसरलेली टोपी आणायला जाणं धरलं तर मोठ्या माणसाचं दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं. पाच वर्षांचं मूल घरच्या बागेत दोन तास पळतं ते वेगळं आणि उन्हात, रांगेत, सिमेंटवर बारा तास काढणं वेगळं. तीनच्या सुमाराला ही मुलं गळून जातात. मग रडारड, मग आई-बाबांची चिडचिड, मग कोणीतरी ओरडतं. गाडी असली की तेच मूल चाळीस मिनिटं झोपून उठतं आणि रात्रीचे दिवे बघायला ताजंतवानं असतं.

तिथे वयाचा कसला नियम नाहीये. त्या बाईंना तुमच्या मुलीबद्दल काही माहीत नव्हतं आणि मुलीच्या देखत, तिला कळेल अशा भाषेत असं बोलायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं. परक्या देशात आपली भाषा कानावर पडली की मुलाला बरं वाटायला हवं.

मुलीला फक्त एवढं सांगा की गाडी दमल्यावर बसायला आहे. सकाळी तिला चालू दे, गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि स्वेटर ठेवा, दुपारी ती आपणहून चढेल. सासूबाईंना म्हणावं सवय घरी मोडू, रोज शाळेत चालत नेऊ, सहलीच्या दिवशी नको.

एक मात्र बघून घ्या, मोठ्या मुलाच्या वजनाला तुमची गाडी चालते का. तान्ह्या बाळांच्या हलक्या गाड्यांवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि पाच वर्षांची मुलं बऱ्याचदा तिच्या काठावर असतात.

प्रश्न : मी ठाण्याची. मुलगा-सून न्यूजर्सीला, नातवंडं दोन, एक तीन वर्षांचा आणि एक दहा महिन्यांची. डिसेंबरात सगळे फ्लोरिडाला जाणार आहोत. सून म्हणते दोन सीटची गाडी घेऊ. आम्ही मुलं कडेवर नि झोळीत वाढवली, ठाण्याच्या फुटपाथवर बाबागाडी चालवायची सोयच नव्हती, त्यामुळे मला ते यंत्र नीट उघडता-मिटता येत नाही. माझ्या हातून काही व्हायला नको. मोठ्या राइडवर मी जाणार नाही तेव्हा मुलं माझ्याकडेच असणार. काय काय बघून ठेवू?
– एक आजी, ठाणे

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचून इतकं छान वाटलं. जायच्या आधी एवढा विचार करणारी आजी बरोबर असेल तर सुनेने निर्धास्त राहावं.

आधी माप. वर सांगितलं तेच, ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, आणि दोन सीट शेजारी-शेजारी असलेल्या बऱ्याच गाड्या या मापात बसतात, पण गाडी उघडून घरी टेपने मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. पार्कात भाड्यानेही मिळते पण ती कडक प्लॅस्टिकची असते, पाठ मागे होत नाही, त्यामुळे दहा महिन्यांच्या बाळाला ती नको. शिवाय ती पार्काच्या गेटबाहेर नेता येत नाही, म्हणजे रात्री दमून बसपर्यंत चालताना नेमकी गाडी नसते. ओरलँडोत हॉटेलवर चांगल्या गाड्या भाड्याने आणून देणारी दुकानं आहेत, विमानातून न्यायची नसेल तर मुलाला ते बघायला सांगा.

उघडणं-मिटणं घरी शिका. न्यूजर्सीला पोचल्यावर दिवाणखान्यात रोज दोनदा उघडायची, दोनदा मिटायची, बाळ न ठेवता. कारण डिस्ने वर्ल्डच्या बसमध्ये चढताना गाडी मिटावीच लागते आणि तेव्हा मागे रांग असते, झोपलेलं मूल खांद्यावर असतं, खालच्या जाळीतलं सामान काढायचं असतं. मोनोरेलमध्ये आणि तळ्यातल्या फेरीबोटीत उघडी गाडी चालते, म्हणून जमेल तिथे ती वाट धरा. मिटताना नातवाची बोटं कुठे आहेत ते प्रत्येक वेळी बघायचं, बिजागरीत बोट सापडलं तर फार वाईट लागतं. आणि हँडलला जड पिशवी अडकवू नका. मूल बसलेलं असेपर्यंत काही होत नाही, त्याला उचललं की गाडी मागच्या मागे उलटते, आणि दोन मुलांच्या गाडीत तर एकाला उचललं तेव्हा दुसरं आतच असतं.

राइडच्या रांगेत गाडी नेता येत नाही, बाहेर लावायची जागा असते. ती जागा एकदा डोळ्यासमोर आणून ठेवा. शंभरेक गाड्या, निम्म्या काळ्या, निम्म्या करड्या, सगळ्यांवर तसलेच दोन कप होल्डर आणि तसल्याच पाण्याच्या बाटल्या. तुम्ही लावून आत गेलात की तिथले कर्मचारी जागा करायला गाड्या सरकवतात, ओळी नीट करतात, त्यामुळे तुमची गाडी ठेवली तिथे सापडेलच असं नाही, वीस-तीस फूट लांबही असू शकते. म्हणून चाकाला कुलूप लावून ठेवू नका आणि हँडलला काहीतरी ठळक बांधा. जुन्या साडीचा काठ बांधला तर लांबून ओळखू येतो आणि पुसायलाही उपयोगी. पासपोर्ट, पैसे, बाळाची औषधं गाडीत ठेवायची नाहीत, ती तुमच्या अंगावरच्या पर्समध्ये.

तुम्ही मोठ्या राइडवर जाणार नाही म्हणालात, पण मुलांना तुमच्यावर सोपवून सगळे निघून गेले असं होऊ देऊ नका. त्यांच्याकडे रायडर स्विच म्हणून सोय आहे, दारावरच्या माणसाला आधी सांगायचं, मग एक मोठा मुलांजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, नंतर पहिल्याला पुन्हा ती लांब रांग लावावी लागत नाही. स्पेस माउंटनला ४४ इंच उंची लागते, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८, तुमचा तीन वर्षांचा नातू दुसऱ्यात कदाचित बसेल, पहिल्यात नाही. त्याची उंची घरी भिंतीला लावून मोजा म्हणजे तिथे दारातून परत फिरायला नको. आणि प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असतं, बाळाला पाजायला, बदलायला, गरम करून भरवायला जागा, थंड आणि शांत. नकाशावर ते आधी शोधा. दुपारी मुलांना घेऊन तुम्ही तिथे बसलात तर तुमच्याही पायांना आराम.

डिसेंबरात ऊन फार नसतं, तरी हे लक्षात असू द्या की झोपलेल्या बाळाच्या गाडीवर दुपटं किंवा शाल पूर्ण अंथरायची नाही. आपल्याला वाटतं सावली केली, पण आतली हवा कोंडते आणि बाळ तापतं. हुड पुढे ओढा, गाडीचं तोंड सावलीकडे करा. तुम्ही इतकी मुलं वाढवलीत, बाळाच्या मानेला हात लावून ताप-घाम कळणं तुम्हाला सांगायला नको, तेच दर थोड्या वेळाने करत राहा.

नाताळ ते एक जानेवारी हे दिवस टाळता येत असतील तर मुलाशी बोला. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा बराच सुसह्य असतो.

प्रश्न : गाड्या मिटून घ्या असा नियम का करत नाहीत? बसमध्ये मिटतात तसं गर्दी झाली की मिटायची.
– एक वाचक, सिंगापूर

उत्तर : तुम्ही ज्या शहरातून लिहिताय तिथेच २०१७ च्या एप्रिलपासून बसमध्ये उघडा स्ट्रोलर न्यायला परवानगी मिळाली. आधी मिटावा लागायचा. जपानमध्येही ट्रेन-बसमध्ये गाडी उघडी ठेवावी की नाही यावर खूप वाद झाला आणि २०१४ मध्ये सरकारने एक खूण ठरवली, ती असेल तिथे उघडी गाडी चालते. दोन्ही ठिकाणची गर्दी आपल्याला माहीत आहे. एका हातात मूल, एका हातात मिटलेली गाडी, खांद्यावर पिशवी, असा माणूस गर्दीत जास्त अडखळतो आणि पडला तर मुलासकट पडतो. मिटायचा नियम वाहनात चढताना ठीक आहे, चालत्या गर्दीत नाही.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, थोडं चालतो पण लांब नाही. आधी वॅगन नेत असू, त्यात तो आडवा होऊ शकायचा. आता चालत नाही म्हणतात. व्हीलचेअरमध्ये तो बसत नाही. तुमच्यासारखे लोक गाड्यांवर नियम आणा म्हणतात तेव्हा आमच्यासारख्यांचं काय होतं याचा विचार होतो का?
– एक बाबा, सॅन होजे

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या नियमात वॅगन गेली तेव्हा तुमच्यासारख्या घरांना फटका बसला हे खरंच आहे, आणि मापाचा नियम मला पटत असला तरी अपंग मुलांसाठी वॅगनचा वेगळा विचार व्हायला हवा होता असं माझं मत आहे.

आज जे करता येतं ते सांगते. गेटवर गेस्ट रिलेशन्स म्हणजे पाहुण्यांच्या मदतीच्या कार्यालयात जाऊन सांगा की मुलाचा स्ट्रोलर व्हीलचेअर म्हणून वापरायचा आहे. ते गाडीला एक टॅग लावून देतात. तो असला की गाडी बाहेर लावावी लागत नाही, व्हीलचेअर जिथे जाते तिथे रांगेत आतपर्यंत नेता येते, आणि दारावर प्रत्येक वेळी नव्याने समजावत बसावं लागत नाही. मोठ्या अपंग मुलांसाठी खास स्ट्रोलर मिळतात, पाठ मागे होणारे, जास्त वजन पेलणारे. तुमच्या फिजिओथेरपिस्टना विचारा, त्यांच्याकडे एखादा वापरून बघायला असू शकतो. घेण्याआधी त्यात मुलाला तासभर बसवून बघा, आणि जायच्या आधी पार्काच्या अपंगांसाठीच्या सेवांना गाडीचं माप लिहून विचारा, उत्तर प्रिंट करून जवळ ठेवा.

आणि टाम्पाच्या वाचकांना इथेच सांगते, पुढच्या वेळी रांगेत आठ-नऊ वर्षांचं मूल गाडीत दिसलं तर ते हे असू शकतं. त्याला वाट द्या.